स्वाती डोक्यावर, शहर पश्चिमेला : शेंद्रा परिसरातील आकाशदर्शन व छायाचित्रण

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडते आणि थोड्याच वेळात शेंद्रा औद्योगिक वसाहतीचे दिवे दिसू लागतात. मांगीरबाबाच्या यात्रेमुळे पंचक्रोशीत परिचित असलेले हे गाव आता कारखान्यांसाठी ओळखले जाते. २००१ पासून येथे स्कोडाचा मोटारींचा कारखाना आहे. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक शहराची आखणी झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचा हा पसारा आहे. रात्रभर उजळलेल्या अशा ठिकाणाचे नाव आकाशदर्शनाच्या संदर्भात घेतल्यास जाणकारांच्या भुवया उंचावतील. तरीही शेंद्रा निवडण्यामागे कारण आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आकाश असेच असते, निम्मे उजळलेले आणि निम्मे शाबूत. त्या उरलेल्या निम्म्यात काय पाहता येते व कसे टिपता येते, हे समजले तर लडाखच्या सहलीची वाट पाहत बसावे लागत नाही.

शेंद्रा साधारणपणे १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. आकाश पाहणाऱ्याला या एका आकड्यात पुष्कळ काही सापडते. ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजापासून सुमारे वीस अंश उंच दिसतो. हात लांब करून वळलेली मूठ आकाशात अदमासे दहा अंश व्यापते, म्हणजे क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुव सापडतो. स्वाती या ताऱ्याचे आकाशातील स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांहून किंचित अधिक आहे. त्यामुळे तो शेंद्र्याच्या जवळजवळ थेट माथ्यावरून जातो, चूक असते ती एका अंशाहूनही कमी. मे महिन्याच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास, कारखान्यांची दुसरी पाळी सुटण्याच्या वेळेला, हा नारिंगी तारा बरोबर डोक्यावर असतो. बसची वाट पाहत उभ्या असलेल्या कामगाराने मान मागे टाकली तर तो चुकणे अशक्य आहे. डिसेंबरच्या मध्यावर साडेदहा-पावणेअकराला कृत्तिकांचा गुच्छ असाच माथ्याजवळ येतो.

दक्षिणेकडे वळले की या अक्षांशाची खरी श्रीमंती कळते. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून सुमारे सतरा अंशांवर, अगस्ती तेजाने चमकत असतो. व्याधाखालोखाल रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा लंडन वा पॅरिसच्या रहिवाशाला जन्मभर घरून दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्रिशंकू आणि त्याच्या पूर्वेला मित्र व मित्रक हे जोडतारे दक्षिण क्षितिजालगत येतात. त्यांच्याच वर, नरतुरंग तारकासमूहात, ओमेगा सेंटॉरी नावाचा लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ बावीस-तेवीस अंशांपर्यंत चढतो. साध्या द्विनेत्रीतून तो धुरकट कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. युरोपातील हौशी निरीक्षक ज्यासाठी विमानाचे तिकीट काढतात, ते आपल्याला जालना रस्त्यावरून पाहता येते, फक्त दक्षिण क्षितिज मोकळे हवे.

आकाशगंगेचा सर्वांत दाट व उजळ भाग वृश्चिक आणि धनू या राशींच्या दिशेने आहे. तो येथे क्षितिजापासून ४१ अंशांपर्यंत वर येतो. लंडनमध्ये हीच उंची साडेनऊ अंशांच्या आसपास असते. मात्र यात एक दैवदुर्विलास आहे. हा भाग रात्रभर दिसण्याचे दिवस जून ते ऑगस्टचे, आणि तेव्हा आपल्याकडे पावसाळा असतो. मराठवाड्याचा पाऊस खंड पाडण्यासाठी प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याला ज्या उघडिपीचा घोर लागतो, तीच आकाश पाहणाऱ्याला धुतलेले, धूळविरहित आकाश देऊन जाते. या आनंदात थोडी अपराधी छटा असते, हे कबूल केले पाहिजे. पावसाळा वगळून दोन संधी उरतात. पहिली एप्रिल-मेची. एप्रिलच्या मध्यावर हा भाग रात्री साडेअकराच्या सुमारास उगवतो व पहाटे साडेचारला दक्षिणेस सर्वोच्च असतो, मेच्या मध्यावर दोन तास आधी. दुसरी संधी ऑक्टोबरमधली. पाऊस संपलेला असतो, आणि अंधार पडताच तो नैर्ऋत्येस पंचवीस अंशांच्या आसपास दिसतो व हळूहळू मावळतो. उन्हाळ्यात संध्याकाळी धूळ व उष्म्यामुळे क्षितिज मळकट असते, पहाटेपर्यंत ती बरीच खाली बसते. म्हणून या दिवसांत झोप मोडून पहाटे उठणे अधिक फलदायी.

दिशा निवडण्याचे गणित

शेंद्र्याहून पाहताना शहर पश्चिमेला येते. त्याच्या प्रकाशाचा घुमट पश्चिम क्षितिजावर स्पष्ट दिसतो. पूर्वेला जालना दूर असले तरी महामार्गावरील वस्त्या आणि वाहनांचे दिवे आहेत. नैर्ऋत्येला बिडकीन. त्यामानाने उत्तर दिशा, म्हणजे फुलंब्री-सिल्लोडकडे चढत जाणारा अजिंठ्याच्या डोंगररांगांचा भाग, काळोखी राहिली आहे. औद्योगिक वसाहतीच्या दिव्यांपासून उत्तरेस काही किलोमीटर आत गेले, की फरक डोळ्यांना जाणवतो.

हे गणित आधी करणे किती महत्त्वाचे, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या त्सुचिनशान-अॅटलस या धूमकेतूच्या उदाहरणावरून समजेल. तो सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे, क्षितिजापासून फार वर नसताना दिसत होता. शेंद्र्यात उभे राहिले तर ही दिशा थेट शहराच्या उजेडावरून जाणारी. अशा धूमकेतूसाठी शहर ओलांडून वैजापूर वा कन्नडच्या बाजूला जाणे शहाणपणाचे. उलट पहाटे पूर्वेस दिसणाऱ्या धूमकेतूसाठी शेंद्रा-करमाडचा पट्टा सोयीचा आहे. जागा चांगली की वाईट, हा प्रश्न त्यामुळे अर्धवट ठरतो. काय पाहायचे आहे आणि ते कोणत्या दिशेला आहे, हे आधी विचारले पाहिजे.

आकाश किती काळोखे आहे हे मोजण्यासाठी अमेरिकन निरीक्षक जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी संपूर्ण काळोख्या आकाशाची, नववी महानगराच्या मध्यभागाची. मोजपट्टी लक्षात ठेवण्याची गरज नाही. अमावास्येच्या आसपास कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात ते पाहावे. सहा सहज दिसले तर जागा बरी. चार मोजतानाच अडखळायला झाले तर आणखी पुढे जावे. त्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे द्यावी लागतात, आणि या काळात मोबाइलचा पडदा एकदा जरी उघडला तरी ही सगळी मिनिटे वाया जातात. लाल कागद गुंडाळलेला छोटा टॉर्च जवळ ठेवावा.

आकाशाची ओळख करून घेण्यासाठी शहरातील एमजीएम परिसरात खगोल व अंतराळ विज्ञान केंद्र आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत असून ती देशातील हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था मानली जाते. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणी येथील रात्रभराचे कार्यक्रम अनेकांच्या पहिल्या आकाशदर्शनाचे निमित्त ठरले आहेत. ग्रंथांपैकी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा एकोणिसाव्या शतकातला ‘ज्योतिर्विलास’ आजही वाचनीय आहे. मात्र तारे ओळखणारी सर्वच माणसे पुस्तकातून शिकलेली नसतात. रब्बीच्या हंगामात रात्रीची वीज आली की पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणतो, सप्तर्षींना बाज म्हणतो. चार तारे बाजेचे खूर आणि मागचे तीन ती पळवणारे चोर, ही कथा नातवंडांना सांगणारे आजी-आजोबा अजून आहेत. मृग किती वर आला यावरून रात्र किती सरली, हे सांगणाऱ्या या पिढीशी शेताच्या बांधावर दोन शब्द बोलावेत.

पाटण आणि हैदराबाद

या भूमीला आकाशाच्या अभ्यासाची जी परंपरा आहे, तिचा आपल्याला विसर पडला आहे. गौताळा अभयारण्याच्या जळगावकडील अंगाला, चाळीसगावजवळ, पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील इ. स. १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, आजच्या संभाजीनगर जिल्ह्याच्या उंबरठ्यावर, ज्योतिषशास्त्राची ही पाठशाळा होती.

दुसरा दुवा थेट छायाचित्रणाचा आहे. १८८७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत संपूर्ण आकाशाचे छायाचित्रांच्या साहाय्याने मोजमाप करण्याचा आंतरराष्ट्रीय संकल्प सुटला. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. दक्षिणेकडील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा मूळ चिलीतील सांतियागो वेधशाळेकडे होता, तेथे काम पुढे सरकले नाही आणि तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. नवाब जफर जंग या हौशी खगोलप्रेमी सरदाराने १९०१ मध्ये ही वेधशाळा सुरू केली होती. काचेच्या पट्ट्यांवर रात्रीमागून रात्री ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन, त्यांची स्थाने मोजून तेथील ज्योतिर्विदांनी जाडजूड सूची प्रसिद्ध केल्या. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. म्हणजे आज शेंद्र्यात कॅमेरा लावणारा तरुण जे करतो, त्याचे थोरले रूप त्याच्या पणजोबांच्या राजवटीत घडत होते. शाळेच्या पुस्तकात याला एक परिच्छेद मिळायला हरकत नव्हती.

कॅमेरा काय पाहतो

डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. रात्रीच्या छायाचित्रणाचे सारे मर्म या एका फरकात आहे. देवयानी दीर्घिका डोळ्यांना फिकट डागासारखी दिसते, मृगातील तेजोमेघ राखाडी भासतो. कॅमेऱ्याचे शटर पंधरा-वीस सेकंद उघडे राहिले की त्यांत रंग भरू लागतात. पण तेवढ्या वेळात पृथ्वीही फिरते. तासाला पंधरा अंश या वेगाने आकाश सरकत असल्याने तारे ठिपक्यांऐवजी छोट्या रेघा बनतात. किती वेळ शटर उघडे ठेवावे याचा ढोबळ नियम असा : ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे. पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तर येते सुमारे वीस सेकंद. सर्वसामान्य लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यासाठी लेन्सचा आकडा आधी दीडने गुणावा. मग १८ मिलिमीटरला साधारण अठरा सेकंद मिळतात. हल्लीच्या अधिक बारकाईने टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना हा नियमही सैल पडतो, तेव्हा दोन-चार सेकंद कमीच ठेवावेत.

उरलेली मांडणी सोपी आहे. कॅमेरा मजबूत ट्रायपॉडवर, सर्व नियंत्रणे मॅन्युअलवर. अॅपर्चर लेन्स परवानगी देईल तितके मोठे, म्हणजे एफ २.८ किंवा किट लेन्स असेल तर ३.५. आयएसओ १६०० पासून सुरुवात करून ३२०० पर्यंत. छायाचित्र ‘रॉ’ स्वरूपात साठवावे, म्हणजे नंतर रंग व उजेड सुधारण्यास वाव राहतो. सर्वांत अधिक छायाचित्रे बिघडतात ती फोकसमुळे. स्वयंचलित फोकस अंधारात चाचपडत राहतो. म्हणून तो बंद करून मागच्या पडद्यावर एखादा तेजस्वी तारा मोठा करून पाहावा आणि तो लहानात लहान टिंब होईपर्यंत रिंग फिरवावी. मग रिंगला चिकटपट्टी लावावी. शटर दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर पुरेसा असतो. थंडीच्या दिवसांत पहाटे लेन्सवर दव धरते आणि बॅटरी लवकर उतरते, दुसरी बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

महागडा कॅमेरा नसेल तर अडून राहण्याचे कारण नाही. अलीकडच्या बऱ्याच मोबाइलमध्ये रात्रीच्या छायाचित्रणाची सोय असते. मोबाइल ट्रायपॉडवर वा विटेला टेकवून स्थिर ठेवला तर मृग, व्याध, कृत्तिका सहज उमटतात. फोनवरील स्टेलॅरियम हे अॅप कोणता तारा कोठे व केव्हा असेल ते दाखवते. संगणकावर एकाच दृश्याची अनेक छायाचित्रे एकत्र करून दाणेदारपणा कमी करणारी सीक्वेटर, डीपस्कायस्टॅकर ही साधने विनामूल्य मिळतात.

शेंद्रा परिसराला सर्वांत साजेसा प्रकार आहे तारामार्गांचा. तासभर शटर उघडे ठेवण्याऐवजी तीस सेकंदांची शंभर-सव्वाशे छायाचित्रे लागोपाठ घ्यावीत आणि संगणकावर जोडावीत. ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळे उमटतात. ध्रुव येथे वीस अंशांवरच असल्याने साध्या लेन्समध्येही खाली झाड, विहिरीचा मोट-थारोळा किंवा देवळाचे शिखर आणि वर वर्तुळांचे केंद्र, दोन्ही एकाच चौकटीत मावतात. काश्मीरमध्ये ध्रुव उंच गेल्याने हे जमवताना अधिक रुंद लेन्स लागते. शिवाय उत्तर दिशाच काळोखी, हा दुहेरी लाभ. चिकलठाण्यास ये-जा करणारी विमाने आणि २०१९ पासून वाढत गेलेले स्टारलिंकचे उपग्रह छायाचित्रात सरळ रेघा ओढून जातात. त्या पुसाव्यात की राहू द्याव्यात हा ज्याचा त्याचा प्रश्न. प्रस्तुत लेखकाच्या मते, त्या आजच्या आकाशाचाच भाग आहेत.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा मिथुन राशीतील उल्कावर्षाव वर्षातील सर्वांत भरवशाचा आहे. फेथन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांतून पृथ्वी जाते तेव्हा तो घडतो. हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि उल्कांचे उगमस्थान रात्री दोन-अडीचच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर, असा योग इतर कोणत्याही उल्कावर्षावास लाभत नाही. ऑगस्टमधील प्रसिद्ध वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांआड जातो. उल्का टिपण्यासाठी नेम धरायचा नसतो. रुंद लेन्स लावून कॅमेरा सतत छायाचित्रे घेत राहू द्यावा, आणि आपण सतरंजीवर आडवे होऊन नुसत्या डोळ्यांनी पाहावे.

चंद्राची गोष्ट वेगळी. कोजागरीला दूध आटवत आकाशाकडे पाहण्याची आपली रीत, पण तारे पाहण्यास पौर्णिमेइतकी वाईट रात्र नाही. चंद्र हा सूर्यप्रकाशात न्हालेला खडक असल्याने त्याला दिवसाउजेडीचीच मांडणी लागते : आयएसओ १००, एफ ११ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग. विवरे पौर्णिमेपेक्षा सप्तमी-अष्टमीला, तिरप्या उजेडात, अधिक उठावदार दिसतात. इमारतीमागून उगवणारा भलामोठा चंद्र टिपायचा तर इमारतीपासून लांब जावे. चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. कोणतीही वास्तू तिच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावरून पाहिली की तिची उंची चंद्राएवढी दिसते. वीस मीटरचे शिखर असेल तर सव्वादोन किलोमीटर. दौलताबादचा चांद मिनार किंवा बीबी का मकबरा याच हिशेबाने लांबून, मोठ्या टेलिफोटो लेन्सने टिपता येतो. लांबून घेतलेल्या अशा छायाचित्रात आणखी एक सोय आहे. केंद्रसंरक्षित स्मारकांच्या आवारात ट्रायपॉड वापरण्यास परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी रात्रभर प्रवेशही नसतो.

अनेक छायाचित्रे जोडून केलेली कलाकृती वाईट नव्हे, परंतु तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. दक्षिणेकडची आकाशगंगा उत्तरेकडील किल्ल्यावर चिकटवलेली चित्रे हजारोंच्या पसंतीस उतरतात, आणि मग खऱ्या आकाशाखाली प्रथमच उभ्या राहिलेल्या मुलाची निराशा होते. डोळ्यांना आकाशगंगा जांभळी-गुलाबी दिसत नाही, ती धुरकट पांढरी दिसते. तेवढ्यानेही अंगावर काटा येतो, पण त्यासाठी आधी खोटी अपेक्षा असता कामा नये.

दिवे खाली वळवता येतात

म्हैसमाळचे पठार, गौताळ्याचा परिसर, पैठणचा नाथसागर, जालन्यामार्गे लोणारचे उल्काविवर, अशा अधिक काळोख्या जागा शेंद्र्याहून एका रात्रीच्या टप्प्यात आहेत. लोणार व गौताळा अभयारण्ये असल्याने वनखात्याचे नियम पाळून कडेवरच थांबावे. कोठेही गेले तरी एकट्याने जाऊ नये, दिवसा जागा पाहून ठेवावी, शेतमालकाला विचारावे आणि गावात सांगून जावे. रात्री रानात टॉर्च घेऊन हिंडणाऱ्या अनोळखी माणसांविषयी संशय येणे स्वाभाविक आहे. सापांची भीती असतेच, तेव्हा बूट हवेत.

पण प्रत्येक वेळी आणखी दूर जाणे हा तोडगा किती काळ पुरेल? नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी तेथील गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त हवा तेथे पडू लागला. लडाखमधील हानले येथेही अशीच व्यवस्था आहे. औद्योगिक वसाहतीला हे कसे जमणार, असा आक्षेप निघेल. वास्तविक वसाहतीलाच ते सर्वांत सोपे आहे, कारण तेथे रस्ते, खांब, दिवे यांची आखणी एकाच यंत्रणेकडे असते. वरून झाकलेला दिवा, निळसर पांढऱ्याऐवजी उबदार पिवळसर रंगाचा एलईडी, मध्यरात्रीनंतर रिकाम्या रस्त्यांवर मंद होणारा प्रकाश, यांपैकी एकही गोष्ट सुरक्षेच्या आड येत नाही, आणि वीजबिल कमीच होते. आकाशाकडे जाणारा प्रत्येक वॅट कोणीतरी पैसे देऊन विकत घेतलेला असतो. ऑरिकचे अनेक भूखंड अजून उभे राहायचे आहेत, त्यांचे दिवे लागायचे आहेत. खांब रोवून झाल्यावर ते बदलणे खर्चाचे असते, नकाशावर बदलणे जवळजवळ फुकट.